नणंदेनं दारात बसावं

नुकुअलोफा
४ मार्च २००६

तीर्थरूप आत्या,

लेसिएलीचा वाकून नमस्कार. बोट दुपारी सुटते म्हणून घाईत लिहितेय, पण आनंद पोटात मावत नाहीये. आमच्या कामासाठी गावं चिठ्ठ्या टाकून निवडतात. हापाई बेटांची शेवटची चिठ्ठी उचलली आणि आत नाव कोणतं, तर आपलं मोतुलोआ! मी एवढ्यानं ओरडले की पलीकडच्या खोलीतले प्राध्यापक चहाचा कप घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, माझ्या अंगावर पाल पडली.

मला स्वतःला मात्र येता येणार नाही. आपल्याच गावात प्रश्न विचारायचे नाहीत असा आमचा नियम आहे. माझ्याऐवजी कालोलाइने आणि नानिसी अशा दोन मुली येतील, नुकुअलोफाच्याच आहेत. त्यांना तुमच्याकडे उतरवून घ्या. काम बायकांच्या आरोग्याचं आणि घरातल्या जगण्याचं. सोळा घरं निवडायची, प्रत्येक घरातली एक बाई, आणि प्रत्येकीशी एकटीशी बोलायचं. मध्ये कुणाची ये-जा नको. तुमच्या घराइतकं निवांत घर गावात दुसरं नाही. बहिणीच्या घरात भावानं पाऊल टाकायचं नाही ही आपली रीत; बाबांनीसुद्धा जन्मात कधी तुमचा उंबरठा ओलांडला नाही, तर बाकीचे भाऊ कसले ओलांडतात!

आत्या, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मोतुलोआच्या बायका मोकळ्या मनानं बोलल्या तरच हापाईचं काम पुरं झालं असं धरतील. पुरं झालं तर हापाईच्या मोठ्या गावी, पांगाईला, बायकांसाठी एक शिकलेली मदतनीस कायमची नेमायचं वरच्यांनी कबूल केलंय. अर्धवट राहिलं तर नाही. मुलींची परतीची बोट ४ एप्रिलची.

इसिलेलीकाकाची फुसी कशी आहे? माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, तिला काकू म्हणताना मला अजून हसू येतं. नाताळात आले होते तेव्हा ती मात्र फार हसली नाही.

तुमची भाची,
लेसिएली


मोतुलोआ
१३ मार्च

लेसिएली पोरी,

देव तुझं भलं करो, आणि तुझ्या प्राध्यापकांना पाल आणि पोर यांतला फरक कळो.

तुझ्या मुली आल्या. दोघी इतक्या किडकिडीत की बोटीतून उतरताना वाऱ्यानं उडतात की काय असं वाटलं. पहिल्या दिवशी मी त्यांना अळूच्या पानात नारळाचं दूध घालून भाजलेलं मटण वाढलं, वर रताळं, वर कलिंगडाचं सरबत. कालोलाइने म्हणाली, "आजी, पुरे." मी म्हटलं, "आजी तुझी नुकुअलोफाला. मी इथे सगळ्या गावाची आत्या आहे. खा."

आता संशोधनाचं ऐक. अगं, मला काय हुरूप आलाय म्हणून सांगू! नवी चटई अंथरली, खिडकीला फुलांचा पडदा लावला, दारात किटली ठेवली. पहिल्या दिवसापासून मी तिथून हलले नाहीये. ज्या बायका आल्या त्या सगळ्या माझ्या भावजया, कुणी सख्ख्या भावाची, कुणी चुलत, कुणी मावस. आधीच बुजऱ्या. मी शेजारी बसून धीर दिला नसता तर तोंडातून शब्द निघाला नसता. मुली विचारतात, "आठवड्यातून मासे किती वेळा खाता?" बाई माझ्याकडे बघते. मी म्हणते, "सांग गं, लाजतेस काय, रोज खातेस की!" मग ती सांगते, रोज. "मीठ किती टाकता?" "डब्यातलं मटण किती वेळा?" लोसालिने म्हणाली, कधीच नाही. मी तिथल्या तिथे पकडलं, "खोटं बोलू नकोस, परवाच तुझ्या परसात चार डबे पाहिले." ती लाल झाली, सगळ्या हसल्या. नऊ जणी झाल्या अशा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच ना?

एक सांग, एवढ्या मिठा-माशासाठी तुला चार वर्षं शिकावं का लागलं? मला विचारतीस तर मी एका दुपारी सांगितलं असतं.

मुली गुणी आहेत, पण जरा हट्टी. रोज विचारतात, "आत्या, तुम्ही थोडं फिरून येता का?" मी म्हणते, माझे गुडघे कुठे फिरण्यातले आहेत!

फुसी आठवी आली. ती धांदरटच राहिली बघ. या वेळी खडकावर घसरून हात सोलून घेतलाय, मनगटापासून कोपरापर्यंत फडकं. मागच्या महिन्यात म्हणे दार लागलं. माशांचं विचारलं तर डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "अगं, मासा खाल्ला नाहीस म्हणून कुणी तुरुंगात टाकत नाही." तर म्हणते, "धूर गेला, वन्सं." माझ्या घरात चूल पेटलेली नव्हती. असो. वावाऊ बेटाकडच्या बायका हळव्याच.

तुझी आत्या,
तोआकासे


नुकुअलोफा
१७ मार्च

तीर्थरूप आत्या,

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग डोक्याला हात लावून बसले. आता जे लिहितेय ते लिहायला मला परवानगी नाही. वाचून झालं की चुलीत टाका.

आत्या, ते आमचे प्रश्न नव्हतेच.

आमच्या मुलींजवळ प्रश्नांचे दोन गठ्ठे असतात. एक खरा. दुसरा मिठा-माशाचा, तो आडोशाचा. बाई बोलत असताना कुणी आत आलं की मुलीनं पान उलटायचं आणि माशांचं विचारू लागायचं, म्हणजे येणाऱ्याला वाटावं, काय हे खाण्यापिण्याचं चाललंय. आणि तो येणारा उठून गेला की परत खऱ्या पानावर यायचं. मुलींना हे पाठ करून घेतलेलं असतं. पण पाठ करताना येणारा उठणारच नाही असं कुणी धरलं नव्हतं. त्या नऊ जणी होईपर्यंत वाट बघत मासे विचारत बसल्या. तुमच्याच घरात तुम्हाला उठा म्हणायची त्यांची काय छाती! माझीही नाही.

खरे प्रश्न हे: नवरा हात उचलतो का? ढकलतो, गळा धरतो, माहेरच्यांशी बोलू देत नाही, असं काही होतं का? त्याच्या पावलांचा आवाज आला की भीती वाटते का? आणि हे कधी कुणाला सांगितलंय का?

दुसऱ्या बेटांवर फिरताना मी स्वतः हे प्रश्न विचारलेत. आत्या, एकदा का बाईला पहिला प्रश्न विचारला, की पुढचं ती जणू वर्षानुवर्षं तोंडाशी धरून बसलेली असते. एकीनं मला विचारलं होतं, "इतके दिवस कुठे होतीस?" म्हणून मी या कामाला लागलेय, पदवीसाठी नाही.

मुली ४ तारखेपर्यंत आहेत. पुन्हा सोळा जणींशी बोलता येईल, वेळ आहे. तेवढं एकांताचं बघाल का?

रागावू नका.

लेसिएली


मोतुलोआ
२२ मार्च

लेसिएली,

पत्र चुलीत टाकलं. राग टाकता आला नाही.

मला इतके दिवस मूर्ख बनवलंत. ठीक आहे. पण हा काय विषय झाला? कोणत्या घरात भांडं भांड्याला लागत नाही? चुलीतलं लाकूड चुलीतच जळावं. तू ते बाहेर काढून आकडे लावणार, मोठे लोक टेबलाभोवती बसून वाचणार की मोतुलोआचे पुरुष कसे, आणि त्या पुरुषांत माझे भाऊ. तुझे चुलते. ज्यांनी तुझ्या बापामागं तुला खांद्यावर घेऊन शाळेच्या बोटीवर चढवलं.

मी मुलींना सांगितलं, माझं घर मोकळं नाही, चर्चच्या सभागृहात बसा. त्या गेल्या. मीही त्यांच्यामागं गेले नाही. समोर लोसालिनेच्या ओसरीवर चटई विणत बसले, काय दिसायचं ते तिथून दिसतं.

दिसलं ते सांगते. सभागृहाला चारी बाजूंनी खिडक्या. आधी दोन म्हातारे आले, म्हणे मुळांचा कावा प्यायची वाटी विसरली. मग पोरं खिडकीला लटकली. मग फुसीची पाळी आली आणि इसिलेली येऊन पायरीवर बसला, नारळ सोलत. माझ्या घरी तो पंचवीस वर्षांत फिरकला नाही, इथे कसा ऐसपैस बसला होता. कालोलाइनेनं पान उलटलं असणार, कारण फुसी मोठ्यानं म्हणाली, "रोज खातो, रोज!" आणि हसली. लेसिएली, ती उत्तर देण्याआधी मुलींकडे बघत नव्हती. त्याच्या हातांकडे बघत होती.

मला ते आवडलं नाही.

काल विहिरीवर ती कपडे धूत होती. मी येतेय हे तिला कळलं नाही. हाताचं फडकं सोडलेलं होतं. खडकावर सोललेलं कातडं मी जन्मभर बघतेय, माझेच दोन्ही घोटे सोललेले आहेत. खडक ओरखडे काढतो. खडकाला चार बोटं आणि एक अंगठा नसतो.

मागे फिरले. माझे गुडघे फिरण्यातले आहेत असं दिसतं.

तोआकासे


नुकुअलोफा
२६ मार्च

तीर्थरूप आत्या,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. हात जोडून एकच मागते. इसिलेलीकाकाला काही बोलू नका. जाब विचारू नका, पाद्रींकडे नेऊ नका, चारचौघांत टोचू नका. तुम्ही बोलाल, तो मान खाली घालून ऐकेल, "हो आक्का" म्हणेल, आणि घरी गेल्यावर त्याचा हिशेब कोण चुकता करेल ते तुम्ही जाणता. आमच्या कामातला पहिला नियम हा आहे: आपल्यामुळे तिला जास्त मार बसता कामा नये. बाकीचे नियम नंतर.

मोतुलोआ सोडून द्यावं असं मी प्राध्यापकांना सांगणार आहे. मुलींना शनिवारच्या बोटीनं परत पाठवा. पांगाईच्या मदतनिसाचं जे व्हायचं ते होईल. मला वाईट वाटतंय, पण चूक तुमची नाही. नियम करताना आम्ही नवऱ्यांचा विचार केला, सासवांचा केला, शेजारणींचा केला. घर कुणाचं आणि त्या घरात कुणाच्या शब्दाला काय वजन, हे मी मोतुलोआचीच असून लिहायला विसरले. माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही म्हणजे कलिंगडाचं सरबत.

लेसिएली


मोतुलोआ
३ एप्रिल

लेसिएली, माझ्या वाघिणी,

मुली शनिवारी आल्या नाहीत म्हणून घाबरली असशील. मीच पाठवल्या नाहीत. उद्याच्या बोटीनं येतायत, आणि रिकाम्या हातानं येत नाहीत! बस, आधी खाली बस, मग वाच.

तुझं पत्र आलं आणि मी परसात फणसाखाली डोकं धरून बसले. म्हटलं, माझ्या घरात पुरुष येत नाही, तिथे बायका बोलत नाहीत. सभागृहात मी नाही, तर पुरुष येतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पुरुष माझ्या घरात का येत नाहीत? मी त्यांची बहीण म्हणून. बायका का बोलत नाहीत? मी त्यांची नणंद म्हणून. दोन्ही कुलपं एकाच किल्लीची. मग किल्लीनं आत कशाला बसायचं? दारात बसावं.

तुझ्या पदवीचं निमित्त केलं. दुसऱ्या दिवशी गावभर सांगून टाकलं, "माझी भाची डॉक्टर होतेय, तिला झाडाची साल बडवून केलेलं मानाचं कापड द्यायचंय. सगळ्या भावजयांनी मोगऱ्या घेऊन माझ्या अंगणात यायचं." पुरुषांची काय बिशाद नाही म्हणायची! भावाच्या घरातून बहीण हवं ते उचलते, मग बायको चार दिवस उचलली तर काय झालं?

अंगणात ओंडके मांडले. पंधरा-वीस बायका, प्रत्येकीच्या हातात मोगरी, ठक ठक ठक ठक. पलीकडचा माणूस ओरडला तरी ऐकू येऊ नये. पाद्रीबाबा रस्त्यावरून हातवारे करत होते. मी म्हटलं, "तुमची घंटा वाजते तेव्हा आम्ही काही म्हणतो का?" ते हसत गेले.

साली निवडायला आत एकेकीनंच जायचं, गर्दी केली तर चुरगळतात, असं मी जाहीर केलं. आत कालोलाइने. नानिसी माझ्या शेजारी, निवडलेल्या घरांची पाळी तिला ठाऊक. आणि सुरू करायच्या आधी मी सगळ्यांना गोळा करून म्हटलं, "बायांनो, या घरात आजपासून मी सोडून सगळ्यांनी जायचं. आत कोण काय बोललं हे मी मरेपर्यंत विचारणार नाही. आणि मी मेल्यावर वर जाऊन देवालाही विचारणार नाही." कुणी हसलं नाही. मग लोसालिने म्हणाली, "आणि डब्यांचं?" तेव्हा कुठे सगळ्या हसल्या.

पहिली आत गेली आणि बाहेर आली, चुलीवर दूध ठेवून आल्यासारखी. दुसरीही तशीच. माझा जीव खालीवर. तिसरी गेली ती येईचना. माझ्या ओंडक्यावरची साल वाळून कडक झाली तरी येईना. नानिसी माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. आली तेव्हा डोळे सुजलेले, पण चालणं बघ, डोक्यावरची मोळी उतरवलेल्या बाईचं. ती मोगरी घेऊन बसली, शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "जा. जा तू." बस. मग बांध फुटला. ज्यांचं घर चिठ्ठीत निघालं नव्हतं त्याही विचारायला लागल्या, "आमच्या साली कधी निवडायच्या?"

आणि मी? माझं घर, माझी चटई, माझी किटली, आणि आत काय चाललंय ते एकट्या मलाच ठाऊक नाही! लेसिएली, मी गावातल्या प्रत्येक मांजरीची पिल्लं कुणाकडे गेली ते सांगू शकते. दोनदा उठले, दोनदा बसले. शेवटी इतक्या जोरानं मोगरी हाणायला लागले की नानिसी म्हणाली, "आत्या, ओंडका फुटेल."

आता फुसीचं. तिला मी मुद्दाम शेवटी ठेवलं, म्हणजे सगळ्यांच्या मागून गेलेली डोळ्यांवर येऊ नये. ती आत असताना इसिलेली आला. फणसाखाली उभा राहिला, लांब, नजर पायाच्या अंगठ्यावर.

"आक्का."

"काय रे?"

"फुसी आहे का?"

"साली निवडतेय."

"घरी चूल थंड पडलीय."

"मग पेटव की. हात चांगले धडधाकट दिसतायत तुझे." ही जीभ! तू बजावलं होतंस, आणि निसटलंच. लगेच आवाज गोड केला, "अरे, पोरीच्या कापडाचं काम आहे. ती साली निवडण्यात हुशार, माझ्या डोळ्यांना दिसत नाही."

"कधी सुटेल?"

"कापड झालं की."

"केवढं करताय?"

"डॉक्टरच्या मापाचं. का, पुतणीचा मान तोकडा करायचाय तुला?"

"नाही आक्का." तो एक पाऊल पुढे आला. अंगणातल्या सगळ्या मोगऱ्या थांबल्या. अगं, एकदम शांत! घरातून फुसीचा आवाज ऐकू आला असता. मी मोगरी उचलली आणि हाणली ठक्कन. मग सगळ्यांनी हाणली. तो मागे सरला आणि गेला.

फुसी बाहेर आली. तोंड धुतलं. माझ्याशेजारी बसली आणि साल अशी बडवली की मधोमध फाटली. एरवी मी साल फाडणारीचा उद्धार केला असता. मी दुसरी पट्टी दिली. तीही फाडली. तिसरी दिली.

दिवे लागताना बायका पांगल्या. ती उठेना. म्हणाली, "वन्सं, पोरांना इथे निजवू का?"

मी म्हटलं, "चटया वरच्या कप्प्यात आहेत."

बस, एवढंच बोललो. तिनं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. इसिलेलीला निरोप धाडला की कापड संपेपर्यंत फुसी आणि पोरं माझ्याकडे, रात्रीही काम चालतं. तुझ्या नियमात बसतंय का ते बघ. नसेल बसत तर नियम जरा सरकव.

सोळाच्या सोळा झाल्या!

आत्या


नुकुअलोफा
८ एप्रिल

माझ्या लाडक्या आत्या,

मी नाचले. खरंच नाचले, ऑफिसात, आणि प्राध्यापकांनाही नाचवलं.

मुली पोचल्या. सोळा गठ्ठे, सगळे खऱ्या पानांवर भरलेले. त्यात काय आहे ते मी तुम्हाला सांगणार नाही आणि तुम्ही विचारणार नाही, आपलं ठरलंय. एवढंच म्हणते की हापाईचं काम पुरं झालं. पांगाईच्या मदतनिसाचा कागद काल सहीला गेला. जूनमध्ये येईल.

आता मजा ऐका. अहवालात लिहावं लागतं, एकांत कसा राखला. मी लिहिलं: नवऱ्यांच्या बहिणीला तिच्याच घराच्या दारात बसवलं. प्राध्यापकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे दुसऱ्या बेटांवर जमेल का?" मी म्हटलं, "सर, प्रत्येक बेटावर एक आत्या असतेच. फक्त तिला आधी सांगावं लागतं की हे माशांचं नाही." आता वावाऊच्या दोन गावांत आम्ही मुलींच्या आधी आत्या शोधणार आहोत! तुमचं नाव न घालता तुमची रीत अहवालात लिहू का? परवानगी द्या.

जाब विचारला नाहीत, ते सगळ्यात मोठं काम केलंत. पण कापड कधीतरी संपणार, आत्या. तेव्हा काय, हे तुम्ही ठरवू नका आणि मीही ठरवणार नाही. तिला विचारा. तिला जे हवं असेल त्याच्यामागं आपण दोघी उभ्या राहू. पोलिसांत जायचं असेल तर पांगाईला एक समजूतदार बाई शिपाई आहे, मी तिच्याशी नाव न घेता बोलून ठेवलंय. माहेरी जायचं असेल तर तिकिटाचं मी बघते. घरी परतायचं म्हणाली, तरी ओरडू नका. तेव्हाही दार उघडं आहे एवढं तिला ठाऊक असू द्या.

तुमची,
लेसिएली


मोतुलोआ
२२ एप्रिल

लेसिएली,

चिरंजीव लिहू की मैत्रीण लिहू कळेना म्हणून नुसतं नाव लिहिलं. मी फुसी. वन्संनी कागद दिला आणि म्हणाल्या, "या वेळी तू लिही, माझा हात दुखतोय." त्यांचा हात दुखत नाहीये. त्या अंगणात डुकराला शिव्या देतायत, तुला ऐकू येईल इतक्या जोरात.

तुमचं ठरलेलं मला ठाऊक आहे, आत काय बोललं ते कुणी विचारायचं नाही. पण माझं मी सांगू शकते ना? मग सांगते.

कालोलाइनेनं पहिलं पान उघडलं आणि वाचलं. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटायचं, हे फक्त आमच्या घरात होतं. त्याच्या आवाजावरून पाऊस पडणार की नाही ते ओळखणं, पोरांना डोळ्यांनीच शेजारी पिटाळणं, जखमेसाठी नवा खडक शोधून ठेवणं. आणि ही अनोळखी मुलगी छापील कागदावरून एकेक करून तेच वाचतेय! मी तिला थांबवून विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" ती म्हणाली, "कुणी नाही. सगळ्यांना हेच विचारतो." लेसिएली, मी आठ वर्षं लाजेनं मरत होते, आणि छापखान्यात हे आधीच छापून तयार होतं. म्हणजे किती जणी असतील! मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. असा राग की मला नाचावंसं वाटलं.

त्या रागातच साली फाडल्या. वन्संनी तीन पट्ट्या वाया जाऊ दिल्या, यावरून तूच काय ते समज.

ईस्टरला सगळे चर्चला गेलो. तो पुरुषांच्या बाजूला, मी बायकांच्या. त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, वन्संकडे बघत होता. मला वाटलं, माझ्या जागी सदा वन्संनाच उभं राहावं लागणार का? कापड तर संपलं. चांगलं झालंय, लांबरुंद, काठाला काळी नक्षी मी काढली. उद्याच्या बोटीनं पाठवतोय. पांघर.

काल दुपारी तो परत फणसाखाली आला. पोरं समुद्रावर गेली होती. वन्सं दारात चटईवर, मी आत, मोगऱ्यांचा आवाज नाही, काही नाही.

"आक्का, कापड झालं म्हणे."

"झालं."

"मग फुसी घरी कधी येणार?"

वन्संनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काय सांगणार होत्या कुणास ठाऊक, बहुतेक दुसरं कापड. मी उठून दारात आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नणंदेच्या खांद्यावर हात ठेवणारी मी गावातली पहिली भावजय असेन. म्हटलं, "थांबा वन्सं. मी कधी येणार ते विचारलंय. मी सांगते."

आणि मी सांगितलं. शाळेला सुट्टी लागली की मी पोरांना घेऊन वावाऊला आईकडे जाणार आहे. तोपर्यंत इथे राहणार. पोरांना भेटायचं असेल तर रविवारी चर्चनंतर, सगळ्यांसमोर. मी परत येणार नाही, तू बोलावलंस तरी, आणि का ते तुला माहीत आहे, आणि आता ते मलाही सांगता येतं.

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. खालच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. तो उभा राहिला, जबडा आवळून. मला भीती वाटली, खोटं कशाला लिहू? वन्संच्या खांद्यावरचा हात मी काढला नाही. तो वन्संकडे बघत राहिला, त्यांनी काहीतरी म्हणावं म्हणून. वन्सं म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? उत्तर तिनं दिलंय."

तो गेला. उद्या काय करेल, परवा काय करेल, मला माहीत नाही. पांगाईच्या त्या बाई शिपायाचं नाव मला कळव.

फुसी